एप्रिलमध्ये अँथुरियम आणि पीस लिलीला फुले का येत नाहीत?

प्रश्न – मनीषनगरची बाल्कनी
नमस्कार. डिसेंबरमध्ये नर्सरीतून अँथुरियम आणि पीस लिली आणली, तेव्हा दोन्ही झाडे फुललेली होती. आता एप्रिल संपत आला तरी नवे फूल नाही आणि पानांची टोके तपकिरी होऊन वाळत आहेत. झाडे दिवाणखान्यात कूलरसमोर आहेत, पाणी बोअरचे देते आणि दर पंधरवड्याला द्रवखतही घालते. खताची मात्रा वाढवावी का?

उत्तर – कुंडीतला संसार
खत वाढवू नका. उलट पाऊस सुरू होईपर्यंत ते बंदच ठेवा. बोअरच्या जड पाण्यातले आणि खतातले क्षार कुंडीत साठत गेले की मुळांना पाणी ओढणे अवघड होते आणि पानांची टोके वाळू लागतात. कुंडीच्या काठावर पांढरा थर दिसत असेल, तर हेच कारण असण्याची शक्यता अधिक. न्हाणीघरात नेऊन कुंडीतून भरपूर नळाचे पाणी सावकाश वाहू द्या आणि पूर्ण निथळल्यावरच जागेवर ठेवा. कूलरच्या टाकीतले उरलेले पाणी मात्र काटकसर म्हणूनही घालू नये, कारण बाष्पीभवनामुळे त्यातले क्षार आणखी वाढलेले असतात.

फुलांचे कारण निराळे आहे, आणि ते म्हणजे प्रकाश. अँथुरियम मूळचे कोलंबिया-इक्वेडोरच्या दमट जंगलांतले. त्याला थेट ऊन सोसत नाही हे खरे, परंतु फुलण्यासाठी लख्ख उजेड लागतोच. पारा ४४-४५ अंशांवर जातो म्हणून आपण नागपूरकर सकाळपासून जाड पडदे ओढून बसतो, आणि त्या अंधारात झाड जगते, फुलत नाही. पूर्वेच्या खिडकीत पातळ पडद्याआड सकाळी नऊपर्यंत ठेवून नंतर आत सरकवावे. पीस लिलीकडून एवढ्यात अपेक्षा ठेवू नका. विक्रीसाठी तिला पुष्कळदा जिबरेलिक आम्ल (झाडाला फुलवणारे एक वाढ-संप्रेरक) फवारून फुलवलेले असते, त्यामुळे पुढचा बहर तिच्या स्वतःच्या वेळेनेच येतो.

उत्तर – धरमपेठची गच्ची
वरील उत्तराशी सहमत आहे, फक्त कूलरबद्दल थोडे. त्याची दमट हवा या झाडांना मानवते, पण सरळ अंगावर येणारा झोत पाने फाडतो आणि माती असमान वाळवतो. म्हणून खोली तीच ठेवावी, कुंड्या तेवढ्या बाजूला घ्याव्यात. पानांवर पाणी फवारण्याचा फारसा उपयोग नाही, कारण नवतपाच्या (मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांच्या) हवेत ते काही मिनिटांतच उडून जाते. दोन्ही झाडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे बोचरे स्फटिक असतात, पान चावले तर ते तोंडाला टोचतात, तेव्हा कुंड्या खाली सरकवताना रांगते मूल किंवा मांजर घरात आहे का, ते आधी पाहावे.

मनीषनगरची बाल्कनी
आभारी आहे. काठावर पांढरा थर आहेच. हाच नियम फॅलेनोप्सिस ऑर्किडलाही लागू होतो का?

उत्तर – कुंडीतला संसार
पाण्याचा आणि उजेडाचा होतो. मात्र त्याला फुलांचा दांडा येण्यासाठी काही आठवडे गारवा लागतो, आणि तो आपल्याकडे नोव्हेंबरच्या रात्री विनासायास मिळतो. त्या काळात ते खिडकीजवळ ठेवावे. डिसेंबर-जानेवारीत पारा दहा अंशांच्या आसपास उतरला, की रात्री आत घ्यावे.