टाका की प्रोजेस्टेरॉन?

माझ्या बहिणीला २०वा आठवडा चालूय, पहिलं बाळ ३०व्या आठवड्यात झालेलं. आता सोनोग्राफीत गर्भपिशवीच्या तोंडाची लांबी २२ मिमी आलीय. देवगडचे डॉक्टर म्हणतात रात्री प्रोजेस्टेरॉनची (गर्भ टिकवणाऱ्या हार्मोनची) गोळी योनीत आतून ठेवायची, कोल्हापूरच्या मॅडम म्हणतात गर्भपिशवीच्या तोंडाला टाका घालू, आणि सासूबाई तिला खाटेवरून उठूच देत नाहीत. काय करू?

कुडाळची नर्स: ताई, दोघंही बरोबर सांगतायत. आधी लवकर डिलिव्हरी झालेली, पोटात एकच बाळ आणि २४ आठवड्यांच्या आत लांबी २५ मिमीच्या खाली, तर दोन्ही उपाय चालतात. गोळीला भूल नको, टाक्याला भूल लागते आणि थोडी इन्फेक्शनची भीती असते. तोंड उघडायला लागलं असेल तर मात्र टाकाच बघतात. पूर्वी दर आठवड्याला हार्मोनचं इंजेक्शन द्यायचे, त्याचा फायदा दिसला नाही म्हणून अमेरिकेने २०२३ मध्ये मान्यता काढून घेतली, कोणी सुचवलं तर नक्की विचारा.

मालवणची आई: माझा टाका होता, ३७व्या आठवड्यात ओपीडीतच काढला, पाच मिनिटांचं काम. कळा येत असतील किंवा पाणी गेलं तर टाका लगेच काढावा लागू शकतो, म्हणून तेव्हा घरी थांबायचं नाही.

कुडाळची नर्स: आणि सासूबाईंना समजवा, नुसतं पडून राहिल्याने डिलिव्हरी लांबत नाही, उलट पायात रक्ताची गाठ व्हायची भीती. त्यापेक्षा नवजात बाळाचं आयसीयू कुठे आहे ते आजच विचारून ठेवा, पावसात घाट बंद झाला तर पंचाईत. कळा लवकर सुरू झाल्या तर बाळाच्या फुफ्फुसांसाठी स्टिरॉइडचं इंजेक्शन वेळेत मिळायला हवं.