क्यूटी ५ वरून क्यूटी ६ वर पोर्टिंग: दोन दिवसांच्या मेळाव्याची आखणी कशी करावी?

प्रश्न:
आमचा मुक्तस्रोत डेस्कटॉप अनुप्रयोग अजून क्यूटी या सी++ मधील चौकटीच्या (खिडक्या-बटणे असलेले अनुप्रयोग बनवण्यासाठीच्या) ५.१५ या आवृत्तीवर चालतो. तो क्यूटी ६ वर नेण्यासाठी, म्हणजे पोर्ट करण्यासाठी, पुण्यात एका शनिवार-रविवारी पंधरा-वीस जणांनी एकत्र बसावे, असा विचार आहे. २०२४ मध्ये केडीई या क्यूटीवर काम करणाऱ्या मुक्तस्रोत समुदायाची भारतातील परिषद पुण्यातील सीओईपी या अभियांत्रिकी विद्यापीठात झाली होती, त्यामुळे शहरात रस असणाऱ्यांची वाण नाही. मात्र येणाऱ्यांपैकी निम्मे विद्यार्थी असून त्यांना सी++ येत असले, तरी क्यूटीचा सराव नाही. कामाची वाटणी कशी करावी?

उत्तर १:
मेळाव्याआधी काय उरकावे, हे ठरवा. पूर्वतयारी नसेल, तर शनिवार दुपारपर्यंतचा वेळ लायब्ररी उतरवण्यात आणि बिल्ड करण्यातच (कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करण्यातच) जातो, कारण सभागृहातील वायफाय इतक्या जणांचा भार सहसा पेलत नाही. म्हणून सध्याची आवृत्ती प्रत्येकाने घरीच बिल्ड करून आणावी, आणि तयार कंटेनर (सर्व लायब्ररी आधीच बसवलेले वातावरण) दोन-चार पेनड्राइव्हवर ठेवावा. कालबाह्य एपीआय (कोडमधून बोलावता येणारी जुनी फंक्शने व वर्ग) बंद करणारा मॅक्रो, म्हणजे बिल्डच्या वेळी लावायची खूण, क्यूटीतच आहे, तो ५.१५ वर लावून बिल्ड केल्यावर ज्या त्रुटी दिसतील, तीच मेळाव्याची कामांची यादी समजा. क्यूमेक हे बिल्डचे साधन सोडून सीमेक या दुसऱ्या साधनावर जाण्याचा मोह याच दोन दिवसांत आवरलेला बरा.

उत्तर २:
यादीतली सगळीच कामे नवख्यांना देण्याजोगी नसतात. पडद्याची माहिती देणाऱ्या क्यूडेस्कटॉपविजेट या जुन्या वर्गाच्या जागी क्यूस्क्रीन आणणे विद्यार्थ्यांना जमेल. मजकुरात नमुना शोधणारा क्यूरेगएक्सप हा जुना वर्ग काढून क्यूरेग्युलरएक्सप्रेशन आणताना मात्र जाणकार शेजारी हवा, कारण जुन्या वर्गातील एक्झॅक्टमॅच हे फंक्शन संपूर्ण मजकूर जुळतो का हे पाहते, तर क्यूरेग्युलरएक्सप्रेशन, नमुन्याला दोन्ही टोकांना अँकर (मजकुराची सुरुवात व शेवट दाखवणाऱ्या खुणा) लावले नाहीत तर, मजकुरातील एखादा तुकडा जुळला तरी समाधान मानते, आणि कंपायलर त्याबद्दल अवाक्षरही काढत नाही. अशा ठिकाणी आधी चाचणी लिहावी, मग बदल करावा. जुने वर्ग पुरवणारे कोअर५कंपॅट हे मॉड्यूल आहे. ती कुबडी पहिल्या दिवशी खुशाल वापरा, पण कोठे वापरली याची नोंद ठेवा. शिवाय मर्जचा, म्हणजे बदल मुख्य कोडमध्ये सामील करण्याचा, अधिकार असलेली एक तरी व्यक्ती दोन्ही दिवस खोलीत हजर हवी. नाहीतर सगळे पॅच (पाठवलेले बदल) पुढे महिनोन्महिने पडून राहतात, आणि विद्यार्थी पुन्हा फिरकत नाहीत.

उत्तर ३:
वरील दोन्ही उत्तरांत मराठी टंकलेखनाची चाचणी राहून गेली आहे. फसिटिक्स ५ हे लिनक्सवरील टंकलेखनाचे साधन वापरणाऱ्यांना क्यूटी ६ साठीचे त्याचे प्लगइन वेगळे लागते. ते नसेल, तर अनुप्रयोग नीट उघडतो, पण देवनागरी उमटत नाही. क्यूटी ६ मध्ये हाय-डीपीआय स्केलिंग (दाट पिक्सेलच्या पडद्यावर सगळे प्रमाणात मोठे दाखवणे) कायम चालू असते, म्हणून स्वतः रेखाटलेली चिन्हे अशा पडद्यावर तपासा. विंडोजचा लॅपटॉप आणणाऱ्याला केडीईचे क्राफ्ट हे लायब्ररी आणून बिल्ड करणारे साधन आधीच बसवून यायला सांगा.