चेनसॉ सुरू करताना दोरी उलटा हिसका देते, दोऱ्याही तुटताहेत. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. चोपडा तालुक्यातून लिहितोय. घरी 58 सीसीचं, 22 इंची पट्टीचं चेनसॉ मशीन आहे. बांधावरच्या बाभळी, विहिरीवर झुकलेला निंब, मे-जूनच्या वादळात आडवी पडलेली झाडं, एवढंच त्याचं काम. या उन्हाळ्यापासून मात्र दोरी ओढली की मशीन ती मध्येच हिसकून आत घेतं. साधं नाही, खांद्यापर्यंत कळ जाते असं. परवा लहान भावाने ओढली, तर हँडल बोटांतून सुटून कव्हरवर आपटलं आणि चिरलं. त्याची बोटं अजून सुजलेली आहेत, म्हणून मशीन बाजूला ठेवून आधी इथे विचारतोय.

पट्टीचं टोक लाकडाला लागून मशीन अंगावर उसळतं, त्या किकबॅकबद्दल मी विचारत नाहीये. इथे साखळीचा ब्रेक लावलेला असतो, साखळी जागची हलतही नाही. हिसका इंजिनातूनच येतो.

पाहिलं ते सांगतो. दरवेळी होत नाही. हळू ओढलं की जास्त होतं. एकदा सुरू झालं की चालतं, पण पूर्वीपेक्षा लवकर तापतं. पेट्रोल ताजं आहे, ऑइल मशीनवर लिहिलंय त्याप्रमाणे 25 ला 1. प्लग साफ केला, फरक नाही. दोरी कव्हरच्या तोंडाशीच झिजते. तिथे जी छोटी गोल कडी बसवलेली असते, तिला खालच्या बाजूने दोरीएवढी खाच पडली आहे, नख फिरवलं की अडकतं. दोरीचे तंतू तिथेच पिंजतात आणि मग एक दिवस तुटते.

दुकानदार म्हणतो जाड दोरी टाका. मला ते पटत नाही. दोरी तुटली नाही, तर तो सगळा हिसका मनगटावर येणार. आधी हिसक्याचं कारण सापडायला हवं. कुणाला अनुभव असेल तर सांगा.

तापीकाठ:

दादा, तुमचं बरोबर आहे. दोरी बदलत बसू नका.

हिसका का येतो ते बघा. ठिणगी पिस्टन अगदी वर पोहोचल्यावर पडत नाही, थोडी आधीच पडते. इंजिन वेगात असलं की पिस्टन त्या भरात वरचा टप्पा ओलांडून जातो. दोरी अर्धवट जोराने ओढली तर तो भरच नसतो. वर जाणाऱ्या पिस्टनला स्फोट उलटा खाली ढकलतो, फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाचं जड चाक, उलटं फिरतं, आणि स्टार्टरचे खटके अजून अडकलेले असल्याने दोरी आत खेचली जाते. अगदी हळू ओढलं तर ठिणगी तयार करणारी कॉइल ठिणगीच देत नाही. म्हणून सगळ्यात वाईट तो मधला, घाबरत घाबरत दिलेला ओढा.

पण पूर्वी होत नव्हतं आणि आता होतंय, शिवाय मशीन लवकर तापतंय, म्हणजे मला टायमिंगची, ठिणगी पडण्याच्या वेळेची, शंका येते. फ्लायव्हील क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, ठरलेल्या जागी बसावं म्हणून एक चावी असते. काही मशीनला ती वेगळी, अर्धचंद्रासारखी असते, काहींना फ्लायव्हीलच्या ॲल्युमिनियममध्येच ओतलेली. ती कापली गेली की फ्लायव्हील थोडं सरकतं आणि ठिणगी भलत्या वेळी पडते. कधी कुणी फ्लायव्हील काढलं होतं का? सील वगैरे बदलायला?

केळीबाग रावेर:

भाऊ, आधी बोटं सांभाळा. दोरी कधीच तळहाताला गुंडाळायची नाही. आमच्याकडे ऑइल इंजिनला हँडल मारायचे तेव्हा बापू आम्हाला अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायला लावायचे, वेढा घालू द्यायचे नाहीत, कारण इंजिन उलटं फिरलं की अंगठा मोडायचा. इथेही तसंच, हँडल बोटांत धरायचं.

मशीन जमिनीवर ठेवा, बुटाचं टोक मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर घट्ट. आधी दोरी सावकाश ओढा, जड लागेपर्यंत. तिथून एकदम जोरात, सरळ वर. तिरकं ओढाल तर ती कडी परत खाणार. पूर्ण टोकापर्यंतही ओढायची नाही, आतली गाठ आणि स्प्रिंग दोन्हींवर ताण येतो. आणि परत जाताना हँडल सोडून द्यायचं नाही, हाताने आत पोहोचवायचं. हवेत धरून मशीन खाली झटकत सुरू करणारे पुष्कळ आहेत, ते मात्र अजिबात करू नका.

मोठ्या मशीनला कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टनवरचा हवेचा दाब, सोडायचं बटण असतं. तुमच्याला असेल तर प्रत्येक वेळी दाबा. इंजिन पेटलं की ते आपोआप वर येतं.

धागाकर्ता:

तापीकाठ, गेल्या वर्षी क्रँकचं सील बदलायला मशीन एका मिस्त्रीकडे दिलं होतं, तेव्हा फ्लायव्हील नक्की निघालं असणार. उघडून बघतो. नट सोडताना फ्लायव्हील धरायचं कसं? पाती तुटतील अशी भीती वाटते.

तापीकाठ:

पात्यांमध्ये स्क्रूड्रायव्हर घालू नका, तुटतातच. प्लग काढा आणि त्याच्या भोकातून जुन्या दोरीचा तुकडा आत सोडा, बाहेरचं टोक हातात राहू द्या. पिस्टन त्यावर टेकून थांबतो, नट निघतो. फ्लायव्हील निघालं की क्रँकचं निमुळतं टोक आणि फ्लायव्हीलचं भोक दोन्ही कोरडी, तेलविरहित पुसा. खरी पकड त्या निमुळत्या बैठकीची असते, चावी फक्त जागा धरायला. बैठकीवर तेल राहिलं किंवा नट ढिला राहिला तर सगळा मार चावीवर येतो.

लावताना कॉइल आणि फ्लायव्हीलवरचं लोहचुंबक यांत साधारण 0.3 मिमी अंतर ठेवा, व्हिजिटिंग कार्ड मध्ये धरून स्क्रू आवळले तरी चालतं.

धागाकर्ता:

मंडळी, सापडलं. फ्लायव्हीलमधलीच ओतलेली चावी अर्धी कापलेली होती. तुटलेली बाजू आरशासारखी चकाकत होती, आणि निमुळत्या टोकावर तेलाचा काळा थर. नवं फ्लायव्हील बसवलं, बैठक पुसली, अंतर कार्डाने लावलं. आता सावकाश ओढून मग झटका दिला की पेटतं, हिसका नाही. दुपारच्या उन्हात तापलेलं मशीनही पुन्हा सुरू करून पाहिलं, ठीक आहे. भावाला मात्र बोटं उतरेपर्यंत हात लावू देणार नाही.

कव्हरची कडीही नवी आणली. आता दोरीबद्दल विचारायचंय. जुनी 3.5 मिमीची होती. 4 टाकू का?

केळीबाग रावेर:

टाकू नका. जाड दोरी पुलीत, म्हणजे ती गुंडाळली जाते त्या चकतीत, मावत नाही, कडेला घासते, आणि पूर्ण गुंडाळली जात नाही. जुनी होती तेवढीच, विणलेली नायलॉनची, त्याच लांबीची घ्या. टोक काडीने वितळवून लगेच दाबा, म्हणजे तंतू सुटत नाहीत. पुली काढाल तेव्हा डोळ्यांवर चष्मा हवाच, खालची स्प्रिंग उसळून बाहेर येते. स्प्रिंगला ताण देऊन झाला की दोरी पूर्ण ओढून धरा आणि पुली हाताने अजून फिरवून बघा. निदान अर्धा फेरा फिरायला हवी. नाही फिरली तर ताण जास्त झालाय, एक वेढा कमी करा, नाहीतर स्प्रिंग तुटेल.

धागाकर्ता:

बरं, 3.5 चीच आणतो. उद्या चोपड्याच्या बाजाराला जायचंच आहे, चिरलेलं हँडलही तेव्हाच बदलतो.