देशात कधीही विजेता न ठरलेला क्लब खंडाचा विजेता कसा झाला? (कुस्कोचा सिएन्सियानो)

वातकुक्कुट (प्रश्न)

पेरूमधील कुस्को शहराच्या सिएन्सियानो या फुटबॉल क्लबाविषयी गेले काही आठवडे वाचत असताना मी एका विसंगतीपाशी येऊन अडलो आहे. या क्लबाने पेरूची राष्ट्रीय लीग आजवर एकदाही जिंकलेली नाही. तरीही २००३ मध्ये त्याने अर्जेंटिनाच्या रिव्हर प्लेटला नमवून कोपा सुदामेरिकाना, म्हणजे खंडातील सर्वोच्च क्लब-स्पर्धा असलेल्या लिबर्तादोरेसच्या खालोखाल मानली जाणारी दक्षिण अमेरिकेची क्लब-स्पर्धा जिंकली आणि पुढच्याच वर्षी बोका ज्युनियर्सला हरवून रेकोपाही (या दोन स्पर्धांच्या विजेत्यांमधील लढत) मिळवला. राजधानी लिमामधील आलियान्सा, युनिव्हर्सितारियो आणि स्पोर्टिंग क्रिस्टाल या तिन्ही बलाढ्य क्लबांना वरिष्ठ गटात असा एकही करंडक मिळालेला नाही.

जिथे पाहावे तिथे याचे एकच कारण दिलेले आढळते, ते म्हणजे उंची. कुस्को समुद्रसपाटीपासून सुमारे ३,४०० मीटरवर, म्हणजे कळसूबाईच्या दुपटीहून अधिक उंच वसलेले आहे, तिथे पाहुण्या संघांना धाप लागते आणि यजमान जिंकतात, असे सांगून विषय संपवला जातो. पण उंची एवढी निर्णायक असती, तर तिच्या जोरावर हा क्लब देशातच कितीतरी वेळा विजेता ठरला असता. जाणकारांनी क्लबाच्या इतिहासाच्या आधारे यावर प्रकाश टाकावा, ही विनंती.

जुना_सेंटरहाफ

प्रश्न योग्य आहे, परंतु त्याचे उत्तर २००३ पासून सुरू केले तर हाती फारसे काही लागणार नाही, म्हणून थोडे मागे जातो.

क्लबाचे नावच त्याचे मूळ सांगते. सिमोन बोलिव्हारने ८ जुलै १८२५ रोजी कुस्कोमध्ये विज्ञान आणि कला यांसाठी एक विद्यालय स्थापन केले. त्या ‘सिएन्सियास’ विद्यालयाचा विद्यार्थी तो ‘सिएन्सियानो’. याच विद्यालयातील मुलांनी १९०१ मध्ये, विद्यालयाच्या वर्धापनदिनीच, हा क्लब काढला. म्हणजे वयाने तो आलियान्सा लिमाच्या बरोबरीचा आहे, कारण आलियान्साची स्थापनाही १९०१ चीच. मात्र दोघांच्या वाट्याला आलेले विसावे शतक अगदी वेगळे होते.

पेरूची ‘राष्ट्रीय’ म्हणवली जाणारी स्पर्धा १९६५ पर्यंत प्रत्यक्षात लिमा आणि शेजारचे काय्याओ बंदर यांच्यापुरतीच होती. कुस्को, आरेकिपा, चिक्लायो इथले क्लब कितीही चांगले खेळले, तरी त्यांना त्या स्पर्धेचे दारच बंद होते. १९६६ मध्ये लीगचे विकेंद्रीकरण झाले आणि १९६७ पासून ‘कोपा पेरू’ सुरू झाली. तालुक्यासारख्या लहान विभागापासून पायरीपायरीने वर चढत जाणारी ही स्पर्धा जिंकली, की प्रांतातल्या क्लबाला पहिल्या श्रेणीत जागा मिळत असे. थोडक्यात, लिमाचे क्लब पैसा, प्रेक्षक आणि वृत्तपत्रे जमवत असताना सिएन्सियानोसारख्या क्लबांची पहिली पासष्ट वर्षे गावच्या लीगमध्येच गेली. एखाद्या क्लबाकडे किती करंडक आहेत एवढेच पाहून त्याचे मोठेपण ठरवणाऱ्यांनी हा हिशेब आधी मांडला पाहिजे.

म्हणून मी ही विसंगती आपल्यापेक्षा थोडी वेगळी मांडेन. लीगमध्ये हा क्लब मागे पडला, असे म्हणणे अचूक नाही. तो तीन वेळा अगदी उंबरठ्यावरून परतला. २००१ मध्ये, आलियान्साच्या आणि स्वतःच्याही शताब्दी वर्षात, तो अंतिम फेरीत पोहोचला. दोन सामन्यांनंतर बरोबरी झाली आणि कुस्कोतच झालेल्या पेनल्टी-फेरीत आलियान्सा जिंकला. २००५ मध्ये स्पोर्टिंग क्रिस्टालने आणि २००६ मध्ये पुन्हा आलियान्सानेच त्याची वाट अडवली. आपण ज्या उंचीविषयी विचारता, ती त्या २००१ च्या संध्याकाळी काही कामी आली नाही.

समुद्रसपाटी

वरील प्रतिसादाला पूरक म्हणून २००३ च्या स्पर्धेतील सामने कुठे झाले, त्याकडे लक्ष वेधतो.

सुरुवातीला सिएन्सियानोने आलियान्सालाच बाहेर काढले. त्यानंतर चिलीच्या युनिव्हर्सिदाद कातोलिकाविरुद्ध कुस्कोत ४–० असा विजय आणि सांतियागोमध्ये १–३ असा पराभव झाला. ही एक लढत उंचीवाल्यांच्या बाजूने मोजावी, त्यास माझी हरकत नाही. पुढे मात्र चित्र बदलते. त्या वर्षीच्या लिबर्तादोरेसचा उपविजेता आणि रोबिन्यो, दियेगो यांसारख्या खेळाडूंचा सांतोस समोर होता. त्याच्याशी ब्राझीलच्या किनाऱ्यावर, त्याच्याच मैदानात १–१ अशी बरोबरी साधून मग कुस्कोत २–१ असा विजय मिळवला. उपांत्य फेरीत कोलंबियाच्या आतलेतिको नासिओनालला मेदेयिनमध्ये जाऊन २–१ असे हरवले आणि घरी १–० ने. अंतिम फेरीचा पहिला सामना ब्वेनोस आयरेसमध्ये, समुद्रापासून जेमतेम काही मीटर उंचीवर, ३–३ असा सुटला.

दुसरा आणि निर्णायक सामना तर कुस्कोमध्ये झालाच नाही. अंतिम सामन्यासाठी ४०,००० प्रेक्षकांची आसनक्षमता बंधनकारक होती आणि कुस्कोचे इन्का गार्सिलासो दे ला व्हेगा मैदान त्या वेळी तेवढे मोठे नव्हते, त्यामुळे १९ डिसेंबर २००३ रोजी हा सामना आरेकिपामध्ये खेळवावा लागला. आरेकिपा सुमारे २,३०० मीटरवर आहे. उंची तिथेही आहेच, परंतु ती कुस्कोच्या उंचीपेक्षा हजार मीटरने कमी. शिवाय सामना संपला तेव्हा सिएन्सियानोचे नऊच खेळाडू मैदानात उरले होते. विरळ हवेत दोन माणसे कमी असण्याचा भुर्दंड यजमानांनाच पडतो, हे धावलेल्या कोणालाही सांगावे लागणार नाही. कार्लोस लुगो या पॅराग्वेच्या खेळाडूने ७८ व्या मिनिटाला फ्री किकवर केलेला गोल पुरेसा ठरला. रिव्हरच्या प्रशिक्षकपदी तेव्हा मानुएल पेयेग्रिनी होते, म्हणजे समोरचा संघ गाफील किंवा दुबळा होता, असेही म्हणता येत नाही.

आणि रेकोपा? तो सामना झाला अमेरिकेत, फ्लोरिडाच्या फोर्ट लॉडरडेल येथे, अगदी समुद्रकाठी. नव्वद मिनिटे संपत आली असताना सिएन्सियानोने १–१ अशी बरोबरी साधली आणि पेनल्टींवर बोकाला हरवले. तिथे कोणती उंची होती?

पायरीवरचा

‘समुद्रसपाटी’ यांच्या मांडणीशी मी बव्हंशी सहमत आहे. तथापि उंचीला इतके सहज निकालात काढणे मला पटत नाही. एक ताजे उदाहरण देतो. २०१९ मध्ये पेरूची लीग बिनासिओनालने जिंकली. हा क्लब हुलियाकामध्ये, ३,८०० मीटरच्या वर खेळत असे. अंतिम फेरीत त्याने घरच्या मैदानावर आलियान्साला ४–१ ने हरवले आणि लिमामध्ये ०–२ अशी हार पत्करूनही विजेतेपद राखले. २०२० च्या लिबर्तादोरेसमध्ये त्याने साओ पावलोला हुलियाकात २–१ ने धक्का दिला आणि पुढच्याच सामन्यात ब्वेनोस आयरेसमध्ये रिव्हरकडून ०–८ असा मार खाल्ला. केवळ उंचीवर उभा असलेला संघ कसा दिसतो, ते इथे कळते.

माझ्या मते त्यामुळेच सिएन्सियानोचे वेगळेपण अधिक उठून दिसते. त्याच्याकडे उंचीही होती आणि खाली उतरून खेळण्याची हिंमतही होती. त्या हिंमतीचे श्रेय मी प्रशिक्षक फ्रेडी तेर्नेरो यांना देईन. त्यांनी जमवलेला संघ कोणत्याही बाजारभावाने श्रीमंत नव्हता. स्पर्धेत सर्वाधिक, म्हणजे सहा गोल करणारा हेर्मान कार्ती तेव्हा पस्तिशीचा होता आणि गोलरक्षक ओस्कार इबान्येस तर त्याच्याहूनही थोडा मोठा. लिमाच्या क्लबांच्या दृष्टीने ज्यांचा काळ संपला होता, अशा खेळाडूंना कुस्कोने पुन्हा उभे केले. त्यातच त्या हंगामातील पेरूची लीग खेळाडूंच्या संपामुळे अर्धवट थांबलेली होती, हेही विसरू नये. ‘सी से पुएदे’, म्हणजे ‘होय, जमू शकते’, ही तेर्नेरो यांच्या नावाशी कायमची जोडली गेलेली घोषणा त्याच दिवसांतली. ते पुढे राजकारणात जाऊन लिमातील एका विभागाचे महापौर झाले आणि २०१५ मध्ये त्यांचे निधन झाले.

वातकुक्कुट

सर्वांचे आभार. बाद फेरीत दोन-दोन सामन्यांपुरते सर्वस्व पणाला लावता येते, तर लीगमध्ये वर्षभर पुरतील एवढे चांगले खेळाडू संघात लागतात, आणि तेवढे खेळाडू विकत घेण्याची ऐपत लिमापाशीच होती, असा अर्थ मी यातून काढतो. लिमाबाहेरच्या शहरांनी लीग जिंकल्याची उदाहरणे तरी किती आहेत? आणि सिएन्सियानोची आजची स्थिती काय आहे?

जुना_सेंटरहाफ

फार थोडी आहेत. उआराल (१९७६ आणि १९८९), आरेकिपाचा मेलगार (१९८१ आणि २०१५), चिक्लायोचा हुआन आउरिच (२०११) आणि वर उल्लेखलेला बिनासिओनाल. त्यातही उआराल लिमापासून फार दूर नाही.

मेलगारने दुसरे विजेतेपद मिळवले त्याच २०१५ मध्ये सिएन्सियानो दुसऱ्या श्रेणीत घसरला, आणि तेर्नेरो गेले तेही त्याच वर्षी. चार हंगाम खाली काढून २०१९ मध्ये दुसरी श्रेणी जिंकून तो वर आला. आता कुस्कोतच त्याला प्रतिस्पर्धी आहेत. देपोर्तिव्हो गार्सिलासोशी त्याचे वैर जुने आहे आणि २००९ मध्ये रेआल गार्सिलासो या नावाने स्थापन झालेला क्लब आता ‘कुस्को’ हे शहराचेच नाव लावून खेळतो. मैदानही वाढवून सुमारे ४२,००० प्रेक्षकांचे केले गेले, पण ते अंतिम सामना आरेकिपाला गेल्यानंतर.

समुद्रसपाटी

एक छोटी भर घालतो. त्या दोन करंडकांपासून पेरूमध्ये या क्लबाला ‘एल पापा’, म्हणजे ‘बाप’ म्हणतात. मराठीत आपण ‘बाप खेळाडू’ म्हणतो त्याच्या हे अगदी जवळचे आहे, फक्त तिथे त्यात लिमाच्या मोठ्या क्लबांना मारलेला टोमणाही आहे. घरी कितीही करंडक जिंका, देशाबाहेरून करंडक आणणारा बाप एकच, असे कुस्कोचे पाठीराखे त्यांना ऐकवत असतात.