मदत हवी आहे: सिमेट्रिक क्रिप्टोग्राफीच्या गणितात पीएचडीसाठी अर्ज करावा का?

नमस्कार मंडळी,

मी मराठवाड्यातून गणितात एमएस्सी केलं आहे. सेट झाली आहे आणि सध्या एका सीनियर कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आवडीचा विषय बीजगणित, त्यातही फायनाइट फील्ड (मर्यादित घटकांची, बेरीज-गुणाकार-भागाकार चालणारी गणिती रचना). नॉर्वेतल्या एका पीएचडी जागेची जाहिरात वाचली. विषय आहे ब्लॉक सायफरच्या (मजकूर ठरावीक लांबीच्या तुकड्यांत गुप्त करायची पद्धत) एस-बॉक्समागची बूलियन फंक्शन्स (० आणि १ वर चालणारी). तेव्हापासून डोक्यात दुसरं काही नाही.

ज्यांना विषय माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. सायफरचा बाकीचा भाग बहुतेक रेषीय असतो, अवघडपणा आणायचं काम एस-बॉक्स (बिटांच्या एका गटाजागी दुसरा गट देणारा तक्ता) करतो. १९९० च्या सुमारास बिहॅम आणि शमीर यांनी डिफरन्शियल हल्ला मांडला: इनपुटमध्ये अ एवढा फरक केला तर आउटपुटमध्ये एखादा ठरावीक फरक जास्तीत जास्त किती वेळा येतो ते मोजायचं. तो जितक्या कमी वेळा येईल तितका एस-बॉक्स चांगला. दोनच्या घाताएवढ्या फील्डमध्ये ही संख्या दोनपेक्षा खाली जाऊच शकत नाही, कारण क्ष चालला की क्ष+अ ही चालतो. ज्यांना बरोबर दोन जमतं ती एपीएन फंक्शन्स.

घन घेऊन मी स्वतः ताडून पाहिलं. क्ष आणि क्ष+अ यांच्या घनांची बेरीज केली (इथे बेरीज आणि वजाबाकी एकच) की क्ष-घन निघून जातो. उरतं ते अ गुणिले क्ष-वर्ग, अ-वर्ग गुणिले क्ष आणि अ-घन. क्ष असलेला भाग फक्त ० आणि अ या दोनच ठिकाणी शून्य होतो. म्हणजे घन एपीएन! पण एईएस या सर्रास वापरल्या जाणाऱ्या ब्लॉक सायफरच्या २५६ घटकांच्या फील्डमध्ये शून्येतर घटक २५५, आणि २५५ ला ३ ने भाग जातो. त्यामुळे तीन-तीन घटकांचा घन एकच येतो आणि डिक्रिप्शनला उलटं जाता येत नाही. म्हणून एईएसमध्ये घनाऐवजी व्यस्त घेतलाय (शून्याला शून्यच), तिथे ही संख्या चार आहे. आठ बिटांवर (म्हणजे २५६ घटकांवर) एपीएन असलेलं आणि उलटताही येणारं फंक्शन आहे की नाही, हे अजून कुणालाच माहीत नाही. इतका साधा प्रश्न आणि इतका अवघड! मला यातच काम करायचंय.

आता अडचणी. आमच्या एमएस्सीला थिसिस नव्हता, शेवटच्या सत्रात फक्त छोटा प्रोजेक्ट होता, आणि जाहिरातीत मास्टर्स थिसिस मागितलाय. प्रोग्रामिंग म्हणजे थोडं पायथन. क्रिप्टोग्राफीचा पेपर कधी नव्हताच. घरचे म्हणतात, तिकडे जाऊन पुन्हा 'विद्यार्थी' होण्यापेक्षा इथेच नेट काढ आणि कायम जागेची वाट बघ.

तर जाणकारांनी कृपया सांगावं: शुद्ध गणितवाल्यांना तिथे खरंच घेतात का? थिसिस नसेल तर काय जोडावं? आणि भारतात याच विषयात चांगला पर्याय कुठे आहे?

प्रतिसाद

मी याच क्षेत्रात युरोपात काम करतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी घरच्यांसाठी. नॉर्वेत पीएचडी ही पगारी नोकरी असते. मुदत तीन वर्षं, शिकवण्याचं काम जोडलेलं असेल तर चार. नेदरलँड्समध्येही चार वर्षांचा नोकरीचा करार मिळतो. फी भरून शिकायला जाणं वेगळं आणि हे वेगळं, एवढं त्यांना नक्की सांगा.

शुद्ध गणितवाल्यांना घेतात का? तुम्ही घनाचं जे गणित इथे लिहिलंत ते एसओपीत (अर्जासोबतच्या उद्देशपत्रात) तसंच्या तसं घाला. 'मला लहानपणापासून कोडी आवडतात' छापाचे अर्ज ढिगाने येतात, हातानं गणित करून पाहिलेला अर्ज क्वचित दिसतो. बर्गेनचं सेल्मर सेंटर बूलियन फंक्शन्ससाठी नावाजलेलं आहेच (ज्यांचं नाव तुम्ही एलिप्टिक कर्व्हच्या सेल्मर ग्रुपमुळे ऐकलं असेल, तेच सेल्मर). त्याशिवाय ल्यूव्हन, नायमेखन, बोखुम, ग्राझ आणि पॅरिसचं इनरिया इथल्या गटांकडेही लक्ष ठेवा. आयएसीआर या क्रिप्टोग्राफी संशोधकांच्या संघटनेच्या संकेतस्थळावर जागांच्या जाहिराती येत असतात.

मात्र आठ बिटांच्या प्रश्नावर अख्खी पीएचडी लावू नका, हे कळकळीनं सांगतो. सहा बिटांचं एपीएन पर्म्युटेशन (म्हणजे उलटता येणारं फंक्शन) जॉन डिलन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये दाखवलं. २०१६ मध्ये त्याच्या आत 'बटरफ्लाय' नावाची रचना सापडली आणि सगळ्यांच्या आशा वाढल्या. पुढे सिद्ध झालं की त्या कुळातून सहा बिटांच्या पुढे एपीएन मिळतच नाही. पण या शोधात जे काम झालं त्यातूनच चांगले पेपर निघाले. पोसायडनसारखी नवी हॅश फंक्शन्स (मोठ्या मजकुराचा छोटा ठसा काढणारी) तर मोठ्या प्राइम फील्डवर बांधलेली असतात आणि त्यांच्यावरचे हल्ले ग्रोब्नर बेसिसच्या (बहुपदी समीकरणं सोडवायचं बीजगणिती साधन) वाटेनं येतात. बीजगणितवाल्याला तिथे भरपूर काम आहे.

थिसिस नसेल तर प्रोजेक्ट वाढवून नीट अहवाल करा. सेजमॅथ फुकट आहे, पायथनवरच चालतं आणि त्यात एस-बॉक्सचं मॉड्यूल तयार आहे. एईएसच्या एस-बॉक्सचा फरकांचा तक्ता काढा, तुमचे चार त्यात दिसतील. मग छोट्या फील्डवर वेगवेगळे घात तपासा. जाहिरातीतल्या संपर्क व्यक्तीला आधीच मेल करून थिसिसऐवजी हा अहवाल चालेल का ते विचारा.

भारतात कोलकात्याच्या आयएसआयमधलं (भारतीय सांख्यिकी संस्था) आर. सी. बोस सेंटर या विषयात पहिलं बघा. नेटचा अभ्यास चालू ठेवाच, जेआरएफ (संशोधनासाठीची शिष्यवृत्ती) हातात असेल तर इकडचे दरवाजे उघडतात. दोन्ही अर्ज एकाच वेळी करायला काहीच हरकत नाही.

अहवालाचा कच्चा मसुदा झाला की इथेच टाका, मी वाचून सूचना देईन.