चेनसॉचा बार आणि चेन तापते? आपापले अनुभव लिहा

धागाकर्ता, दिंडोरी

मंडळी, आपल्याकडे आता बऱ्याच गावांत चेनसॉ आला आहे. जुनी द्राक्षबाग काढायची, बांधावरची बाभूळ उतरवायची, वादळात आडवा झालेला आंबा रस्त्यातून हलवायचा, सगळीकडे तोच लागतो. आणि तक्रारही सगळीकडे एकच. थोडं चालवलं की बारला, म्हणजे ज्या लांब पट्टीच्या कडेने चेन फिरते तिला, हात लावता येत नाही, चेन निळसर पडते, लाकडातून धूर निघतो. बार बदलला, चेन बदलली, तरी पुन्हा तेच. खरं कारण सापडत नाही तोवर नुसता खर्च होत राहतो, म्हणून हा धागा काढतोय. काय कापत होता, बारचा कोणता भाग तापला आणि शेवटी काय निघालं, एवढं प्रत्येकाने जरूर लिहा.

सुरुवात मीच करतो. आमच्या मशीनमधलं पेट्रोल संपायचं, पण चेनऑइलची टाकी जवळजवळ भरलेलीच असायची. पेट्रोलची एक टाकी संपेपर्यंत ऑइलही तळाला जायला हवं, थोडंसंच उरायला हवं. बार काढून पाहिला तर ऑइलचं भोक भुशाने बुजलेलं होतं. बारीक तारेने ते मोकळं केलं, खोबणीतला काळा गाळ हॅक्सॉ ब्लेडच्या तुकड्याने खरवडून काढला आणि मशीनच्या अंगावर जिथून ऑइल येतं ती जागा पुसून घेतली. मग बारचं टोक कोऱ्या पुठ्ठ्यापासून वीतभर लांब धरून रेस दिली. पुठ्ठ्यावर ऑइलची बारीक रेघ उमटली. आता काम सुरू करण्याआधी रोज ही रेघ बघतो.

बागायतदार, पिंपळगाव बसवंत

आमच्याकडे ऑइल व्यवस्थित येत होतं, तरी चेन तापायची. जुनी बाग काढताना वेलीचं खोड जमिनीलगत कापावं लागतं. बुंध्याला माती चिकटलेली असते, वरच्या बाजूला मांडवाची तार कधीकधी सालीत रुतून बसलेली असते. मातीला किंवा तारेला चेन एकदा घासली तरी धार जाते. बोथट चेन कापत नाही, घासते, आणि मग माणूस जोर लावतो. तिथेच ती तापते.

ओळखायचं भुशावरून. धारदार चेन झिलप्या काढते, बोथट चेन पिठासारखा भुगा. भुगा दिसला की काम थांबवायचं आणि कानस घ्यायची. आता आम्ही आधी तारा सोडवून गुंडाळतो, ड्रिपच्या नळ्या बाजूला घेतो, बुंध्याची माती फावड्याने उकरून तारेच्या ब्रशने साफ करतो आणि मगच कापायला लागतो. वेळ जातो खरा, पण धार कितीतरी जास्त टिकते.

निफाडहून

आमचा त्रास फक्त थंडीतला होता. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा किती खाली जातो ते सगळ्यांना ठाऊक आहे. टाकीत ९० नंबरचं गिअर ऑइल होतं. दुपारी मशीन छान चालायचं, सकाळी मात्र बार कोरडा. थंडीत ते ऑइल इतकं घट्ट व्हायचं की पंपाला ओढवत नव्हतं. आता थंडीत पातळ चेनऑइल वापरतो आणि उन्हाळ्यात जरा जाड. मशीनखाली ऑइल कमी-जास्त करायचा स्क्रू आहे, लांब बार लावला की तो थोडा वाढवतो. सगळ्या मशीनना हा स्क्रू नसतो, आपापलं बघून घ्या.

दुरुस्तीचं काम करणारा, सातपूर

निफाडच्या भाऊंचा मुद्दा मोलाचा आहे. मी रोज हीच मशीनं उघडतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

धागाकर्त्याने विचारलेला ‘कोणता भाग तापला’ हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे. अख्खा बार सारखा तापत असेल तर ऑइल किंवा धार. फक्त टोक तापत असेल तर टोकाची चक्री जाम झालेली असते. चेन काढून ती बोटाने फिरवून बघा. अडखळत असेल तर भुसा काढा, आणि ग्रीसचं बारीक भोक दिलेलं असेल तर ग्रीस भरा. क्लचच्या कव्हरजवळ गरम होऊन जळका वास येत असेल तर बारकडे बघत बसू नका, चेन ब्रेक तपासा. ब्रेकचा पट्टा पूर्ण सुटत नसला की क्लचचा ड्रम भयंकर तापतो. काही मशीनमध्ये ऑइल पंप फिरवणारा गिअर प्लास्टिकचा असतो आणि तो याच उष्णतेने वितळतो. मग ऑइल बंद, आणि बारही तापायला लागतो. अशा मशीनला कितीही नवे बार लावा, उपयोग नाही.

बारच्या दोन्ही कडांवरून बोट अलगद फिरवा, अर्थात मशीन बंद, प्लगची टोपी काढलेली आणि हातात मोजे. कडेला धारदार कोर आली असेल तर सपाट कानशीने घासून काढा. एकच कड झिजली असेल तर चेन तिरकी चालते आणि काप वाकडा जातो. म्हणून दर वेळी धार लावताना बार उलटा करून बसवा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या झिजतात.

धार लावताना कानस योग्य मापाचीच हवी. तीन-अष्टमांश इंच पिचच्या (पिच म्हणजे चेनच्या कड्यांमधल्या अंतराचं माप) लो प्रोफाइल चेनला ४ मिमी, ०.३२५ इंच पिचच्या चेनला ४.८ मिमी. दातापुढचा जो छोटा उंचवटा असतो तो कापणाऱ्या दातापेक्षा साधारण ०.६५ मिमी खाली असावा. सारखी धार लावून दात खाली जातो आणि उंचवटा तसाच राहतो. मग धार असूनही चेन लाकडात शिरत नाही, नुसती घासत राहते. लोक हे तपासतच नाहीत.

ओझरहून एक शेतकरी ताई

दादा, एक विचारायचं होतं. आमच्याकडे ट्रॅक्टरचं काढलेलं जळकं ऑइल चेनसाठी वापरतात. फुकट मिळतं, पण मला ते पटत नाही. बार काळा पडतो आणि खोबणीत चिकट थर बसतो. शिवाय चेनऑइल परत टाकीत येत नाही, सगळं उडून आपल्याच मातीत पडतं.

दुरुस्तीचं काम करणारा, सातपूर

ताई, तुमचं अगदी बरोबर आहे. जळक्या ऑइलमध्ये धातूचे बारीक कण असतात, ते पंप खातात आणि जाळी तुंबवतात. चेनऑइलला मुद्दाम चिकटपणा दिलेला असतो, तो टोकाला वळसा घेतानाही चेनवर टिकतो. इंजिन ऑइल तिथेच फेकलं जातं. काही जण खाद्यतेल घालतात. रोजच्या कामाला चालून जातं, पण मशीन महिनाभर पडून राहिलं तर ते सुकून गोंदासारखं होतं. ठेवायच्या आधी टाकी रिकामी करून थोडं चेनऑइल घालून चालवा.

पेठहून

साग कापणाऱ्यांसाठी दोन ओळी. सागात सिलिका असते, म्हणून धार लवकर जाते. आम्ही पेट्रोल भरायला थांबलो की कानशीचे दोन-तीन हात मारूनच पुढे जातो.

गंगापूर रोडवरून

पावसाळ्यात आमच्या भागात झाड पडलं की मदतीला जातो. गर्दी आणि घाई असते, त्यात चेन सैल झाली की लगेच आवळली जाते. तापलेली चेन लांबते म्हणून ती सैल दिसते. त्या वेळी करकचून आवळली आणि मशीन तसंच ठेवून दिलं, तर थंड होताना ती आखडते आणि बारवर, क्रँकशाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो. मी ताण नेहमी थंड चेनवर बघतो. बारच्या खाली चेन लोंबकळायला नको आणि मोजे घातलेल्या हाताने ओढली तर सहज फिरायला हवी. गरम असताना आवळावीच लागली तर काम संपल्यावर आठवणीने सैल करतो.

नाशिकरोडहून

माझ्याकडे बार १.५ मिमी खोबणीचा होता आणि नवीन चेन १.३ मिमीची निघाली. ती खोबणीत डुलत होती, म्हणून दोन्ही कडा तापायच्या. बारच्या मुळाशी माप कोरलेलं असतं, चेन घेताना ते वाचून जा. पिच, जाडी आणि खालच्या दात्यांची संख्या, तिन्ही जुळायला हवेत.

इगतपुरीहून

वरचं सगळं तपासलं. धार आहे, ताण बरोबर आहे, भोक साफ आहे. सुरुवातीला पुठ्ठ्यावर रेघही उमटते, पण दहा-पंधरा मिनिटांनी बंद होते. टाकीत ऑइल आहे. काय असेल?

दुरुस्तीचं काम करणारा, सातपूर

रेघ बंद झाली की मशीन बंद करून ऑइलच्या टाकीचं झाकण सैल करा. फुस्स आवाज आला आणि झाकण परत लावून चालवल्यावर रेघ पुन्हा सुरू झाली, तर टाकीत हवा आत यायची वाट बुजली आहे. ऑइल बाहेर जातं, त्याच्या जागी हवा येत नाही, आणि पंप ओढू शकत नाही. तुमच्याकडे ओलं लाकूड जास्त, त्याचा लगदा त्या छिद्रात बसतो. व्हेंटचा, म्हणजे त्या हवेच्या छिद्राचा, छोटा तुकडा काढून पेट्रोलने धुवा, पूर्ण सुकवा, नाही तर नवा बसवा. फुस्स आवाज आलाच नाही तर टाकीतली जाळी काढून बघा आणि काय निघालं ते इथेच लिहा.