७० की ७५? राज्य स्पर्धेसाठी वजनी गट ठरवायचा कसा

साखळी_७८
बॉडीबिल्डिंगमध्ये राज्य पातळीवर पहिल्यांदाच उतरणार आहे. स्पर्धेला १४ आठवडे आहेत. उंची १६८ सेंमी, आज सकाळी अनशापोटी वजन ७८.४ किलो, कॅलिपरने (कातडीची घडी मोजायच्या चिमट्याने) चरबी १५ टक्के आली. जिममध्ये दोन मतं आहेत. एक म्हणतो, ७५ मध्ये सहज बसशील, तिथंच खेळ. दुसरा म्हणतो, शेवटचे तीन दिवस मीठ-पाणी तोड आणि ७० मध्ये घुस, तिथं तुझ्याएवढा कोणी भरलेला नसेल. गट ठरवतात कसा? आणि काट्यावर शंभर-दोनशे ग्रॅम जास्त भरले तर?

लोखंड_फोंडा
आधी आयोजकांचा तक्ता मागून घे. "७० किलो गट" म्हणजे ६५ च्या वर, ७० धरून. ७०.१ भरलं की गट बदलला. आपल्याकडचे तक्ते साधारण ५५ पासून पाच-पाच किलोंनी चढतात, पण संघटनेगणिक फरक असतो, आणि तालुक्याच्या स्पर्धेत खेळाडू कमी आले तर दोन गट एकत्रही करतात. अमेरिकेतल्या एनपीसी या संघटनेच्या तक्त्यात मिडलवेट ८० किलोला संपतो आणि पुढचा लाइट हेवीवेट थेट ९० पर्यंत जातो. तेव्हा यूट्यूबवरच्या तिथल्या कोचचे सल्ले आपल्या गटांना चिकटवू नकोस.

आता हिशेब. ७८.४ मधून १५ टक्के चरबी काढली की ६६.६ उरतात. स्टेजवर ६ टक्के चरबी धरली तर ६६.६ भागिले ०.९४, म्हणजे ७०.९ किलो. पण कॅलिपर तीन-चार टक्के सहज चुकतो. खरी चरबी १८ टक्के असली तर हाच हिशेब ६८.४ वर येतो. डाएटमध्ये थोडा मसलही जातो, तो वेगळाच. थोडक्यात, आजच्या आकड्यावरून गट ठरवणं म्हणजे मोहोर बघून आंब्याचा भाव सांगणं.

आठवड्याला ५०० ते ६०० ग्रॅम उतरव. वजनाच्या एक टक्क्याहून जास्त उतरायला लागलं तर चरबीबरोबर मसलही जातोय असं समज. रोज सकाळी एकाच काट्यावर वजन कर आणि सात दिवसांची सरासरी लिही, एका दिवसाचा आकडा धरू नकोस. निर्णय चार आठवडे आधी घे. तेव्हा सरासरी ७२.५ असून कमरेच्या मागे आणि नितंबांवर अजून चरबी दिसत असेल, तर ती जाता जाता ७० आपोआप येईल. पण ७२.५ लाच मांड्यांवर मसलच्या रेषा उघड दिसत असतील तर काढायला काही उरलेलं नाही. मग गुपचूप ७५ खेळ आणि पोटभर भात खाऊन भरीव होऊन जा.

७५ मध्ये हलका पडशील ही भीती अर्धीच खरी. १६८ उंचीचा, चांगला सुकलेला ७२ किलोचा माणूस १७८ उंचीच्या ७४.५ वाल्यापेक्षा भरलेला दिसतो. मार खाशील तो तुझ्याच उंचीच्या ७४.८ वाल्याकडून, आणि तोही तेवढाच सुकलेला असेल तरच.

म्हापसा_मासळी
मीठ-पाणी तोडायची विद्या कुस्ती-बॉक्सिंगमधून आली आहे. तिथं वजन देऊन झालं की पिऊन-खाऊन ताकद परत मिळवायला वेळ असतो, आणि त्यांना फक्त लढायचं असतं. तुला दिसायचं आहे. मसलमध्ये सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असतं, आणि एक ग्रॅम ग्लायकोजनबरोबर (मसलमध्ये साठवलेल्या साखरेबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी साठतं. पाणी तोडलं की ते फक्त कातडीखालून जात नाही, मसलही चपटा होतो आणि पंप येत नाही, म्हणजे स्टेजआधी व्यायाम करूनही तो फुगत नाही. मीठ एकदम बंद केलं तर शरीर उलट सोडियम धरून ठेवायला लागतं. छोट्या स्पर्धांत सकाळी वजन आणि संध्याकाळी स्टेज, मधल्या सहा-सात तासांत मसल पूर्ण भरत नाही. काट्यावर जिंकलेला स्टेजवर हरतो तो असा.

एक किलोच अडत असेल तर आतड्यातलं ओझं कमी कर. शेवटचे दोन-तीन दिवस उकड्या तांदळाऐवजी साधा पांढरा भात घे, पालेभाज्या, डाळी आणि सालीची फळं बंद ठेव, बांगड्याऐवजी अंड्याचं पांढरं किंवा चिकन घे. अर्धा ते एक किलो उतरतो, पाणी चालूच राहतं.

प्लॅस्टिकचा सूट घालून पळणं तर आपल्या हवेत शुद्ध वेडेपणा. एवढ्या दमटात घाम वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही, नुसतं तापत जातं. आणि लघवीच्या गोळ्यांना हातही लावू नकोस. पोटॅशियम बिघडलं की हृदयाचे ठोके चुकतात. मोहम्मद बेनाझिझासारखा नामांकित व्यावसायिक खेळाडू १९९२ मध्ये स्पर्धेनंतर लगेच गेला, त्यात या गोळ्यांचं नाव येतं. शिवाय फ्युरोसेमाइड वगैरे या गोळ्या वाडा या जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या बंदी यादीत आहेत, नमुन्यात सापडलं तर बंदी ठरलेली.

काटेकोर
काट्याबद्दल. वजन फक्त पोझिंग ट्रंक (स्टेजवरची चड्डी) घालून, अनवाणी होतं. घरचा काटा आणि तिथला काटा यांत ३००-४०० ग्रॅमचा फरक निघू शकतो, म्हणून घरच्या काट्यावर ६९.५ दिसल्याशिवाय ७० चं स्वप्न बघू नकोस. फरशीवर ठेवलेला काटा आणि सतरंजीवर ठेवलेला काटा वेगळं दाखवतात हेही लक्षात असू दे. लवकर पोच, रांग लागण्याआधी एकदा काटा बघून घे.

जास्त भरलं तर बहुतेक ठिकाणी अर्ध्या तासाच्या आसपास वेळ देतात. शंभर-दोनशे ग्रॅम लघवी करून आणि थोडं चालून जातात. त्यापुढे वरच्या गटात नाव टाकतात, पण टाकतातच असं नाही, म्हणून फॉर्म भरतानाच विचार. टॅन (स्टेजसाठी अंगाला लावायचा गडद रंग) वजन दिल्यावरच लाव, काट्यावर डाग पडले की अधिकारी भडकतात आणि ते बरोबरच आहे. आधार आणि जन्मतारखेचा पुरावा मूळ प्रतीत ने.

साखळी_७८
कळलं, चार आठवड्यांचं धरतो. अजून एक: बॉडीबिल्डिंगऐवजी मेन्स फिजिक या प्रकारात उतरलं तर वजनी गटच नसतो म्हणतात, खरं का? ती भानगडच नको वाटते.

लोखंड_फोंडा
मेन्स फिजिकमध्ये गट उंचीवर. आयएफबीबी या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या तक्त्यात पहिला गट १७० सेंमीपर्यंत, तुझा तोच. मात्र आपल्याकडे कधी कधी फक्त दोनच गट करतात. बोर्ड शॉर्ट्स घालून उभं राहायचं, मांड्यांना गुण नाहीत, आणि फार जाड मसल उलट खटकतो. तुझे पाय चांगले असतील तर ते झाकून कशाला जातोस?

क्लासिक फिजिक हा तिसरा प्रकार मात्र बघ. तिथं उंची आणि वजन दोन्ही. १६८ सेंमीपर्यंत उंचीतून १०० वजा करून ४ किलो मिळवायचे, म्हणजे तुला ७२ किलोची मर्यादा. उंची १६८ च्या वर भरली तर पुढच्या गटात ४ ऐवजी ६ किलो मिळतात. तेव्हा उंची सकाळी मोजून घे, दिवसभरात माणूस सेंटिमीटरभर खचतो आणि १६८.५ चा १६७.८ होतो.